वेण्या कोरलेला भोपळा

उमेळ्यातल्या आमच्या वाडीचा आता स्वयंपाकघरामागचा एक तुकडाच उरला आहे. बाकीच्या जमिनीवर इमारती आल्या. त्या तुकड्यात सासूबाई दर पावसाळ्यात लाल भोपळ्याचं बी टोचायच्या. वेल जुन्या गोठ्याच्या पत्र्यावर चढायचा. फळं मुठीएवढी झाली की त्या अंगठ्याच्या नखाने प्रत्येकावर काहीतरी कोरायच्या. सुकी मासळी आणणाऱ्या बाईसाठी मासा, शेजारच्या ख्रिस्ती घरासाठी क्रूस, माझ्या मुलीसाठी फूल. फळ वाढेल तशी खूणही वाढायची, पांढरट आणि खरखरीत होत जायची.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात त्या गेल्या. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

दिवसकार्य आटोपल्यावर मी मागच्या दारी गेले आणि दचकलेच. वेलाकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तरी भोपळे वाढत होते आणि त्यांच्यावरच्या खुणाही. मासा वीतभर झाला होता. सासूबाई गेल्या होत्या, पण त्यांचं कोरणं थांबलं नव्हतं. त्यानंतर भांडी घासताना मी खिडकीतून पत्र्याकडे बघायचंच टाळायचे.

दिवाळीनंतर देठ वाळले तेव्हा नवऱ्याने भोपळे उतरवले. ज्याचा त्याला पोचता केला. पानांखाली दडलेला एक उरला, सगळ्यांत मोठा. त्यावर दोन वेण्या होत्या, टोकांना रिबिनीची फुलं.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

नवरा भोपळा मांडीवर घेऊन पायरीवर बसला. वेण्यांवरून अंगठा फिरवत म्हणाला, "ताईचा."

"कोणती ताई?"

लग्नाला बारा वर्षं झाली होती. नवरा एकुलता एक, असंच मला सांगितलं होतं.

पूर्वी वाडीत बावखल होतं, झाडांना पाणी द्यायचं छोटंसं तळं. कळशी ओढताना त्याची मोठी बहीण त्यात पडून बुडाली. पाच वर्षांचा तो काठावर उभा होता. "हाक मारायची सोडून मी घरात येऊन लपलो," तो म्हणाला. "आईने मला कधी काही विचारलं नाही. एक भोपळा मात्र दर वर्षी ठेवायची. तू ऑफिसला गेलीस की त्याचे घारगे करून बावखलावर नेऊन ठेवायची. ते बुजवलं, तेव्हापासून तिथल्या इमारतीच्या भिंतीपाशी."

रविवारी त्याने स्वतः भोपळा किसला, गूळ घालून शिजवला. मी घारगे तळले. आम्ही तिघं ताटली घेऊन गेलो.

"क्या रख रहे हो, साहब?" वॉचमनने हटकलं.

"बहन के लिए है."

वॉचमनने आपली खुर्ची बाजूला घेतली.

परत येताना मुलीने विचारलं, "बाबा, ती किती मोठी होती?"

"तुझ्याएवढी," तो म्हणाला, आणि घर येईपर्यंत त्याने तिचा हात सोडला नाही.