हिवाळ्याच्या दरबारातली मावशी

माझी सख्खी मावशी ऑयरिक आमच्या गावाच्या लेखी माणूस नव्हती. तिला सर्दी व्हायची, तिचे गुडघे दुखायचे, बटाटे काढताना ती आमच्यासारखीच शिव्या द्यायची. पण बालक्रेगमध्ये कोणालाही विचारा, तो आवाज खाली आणून सांगायचा की ती हिवाळ्याच्या दरबारातली आहे. परवा तिला पुरलं, तेव्हाही दोघातिघांनी शवपेटीवर मूठभर लोखंडी खिळे टाकले. परत उठून येऊ नये म्हणून. माझं डोकं तेव्हापासून ठिकाणावर नाही.

गावामागे शीअन नावाची टेकडी आहे, उपड्या वाडग्यासारखी. तिच्या पोटात ते लोक राहतात. त्यांचं नाव घ्यायचं नसतं, 'भली मंडळी' म्हणायचं. त्यांचे चार दरबार आहेत, वसंताचा, उन्हाळ्याचा, कापणीचा आणि हिवाळ्याचा, आणि वर्षाच्या चार सांध्यांना एक उठतो, दुसरा बसतो. सगळ्यांत वाईट सांधा बेल्टेनचा, मे महिन्याच्या पहिल्या सकाळचा. वसंताचा दरबार दुबळा, त्याच्या आडून हिवाळ्याची निळ्या तोंडाची म्हातारी तोवर गादीला चिकटून असते. बेल्टेनला तिला उठावंच लागतं. मग ती आपली माणसं ओळखीच्यांच्या रूपात दारोदार पाठवते, निखारा मागायला. ज्याने दिला त्याच्या घरात हिवाळा वर्षभर मुक्काम ठोकतो. गाई आटतात, पोरं दगावतात. म्हणून त्या सकाळी आग, मीठ, दूध, काहीही उंबऱ्याबाहेर जात नाही. टेकडीत जाऊन आलेला गावात एकही नव्हता, पण आत कुठल्या दरबारात काय शिजतं हे सगळ्यांना तोंडपाठ. पाद्रीबुवा रविवारी या सगळ्याला अडाणीपणा म्हणायचे, आणि त्यांची बायको बेल्टेनच्या सकाळी शेजारणीला चिमूटभर मीठ देत नसे.

त्या वर्षी मी सहा-सात वर्षांची होते आणि तापाने फणफणले होते. माझ्या आधीची दोन भावंडं तापातच गेली होती, त्यामुळे आई माझ्या बिछान्यापासून हलत नव्हती. आई म्हणजे मार्सली, ऑयरिक मावशीची थोरली बहीण. मावशीचं घर टेकडीपलीकडे, एकटं. तिला नुकताच मुलगा झाला होता आणि तिचा नवरा टॉरमड हेरिंग मासळीच्या बोटींवर दूर पूर्व किनाऱ्याला होता. बेल्टेनच्या आदल्या रात्री वादळ झालं. तिच्या छपराचा कोपरा उडाला आणि पाणी थेट चुलीत आलं. आमच्याकडे चूल कधी विझत नाही. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी फुंकर घालून जागे करायचे, आजीच्या आजीपासून तीच आग. काडेपेटी खाडीपलीकडच्या दुकानात, आणि बाहेर मे महिन्यात गारा पडत होत्या.

सकाळी दार वाजलं. आईने ते बोटभर उघडलं. माझा बिछाना समोरच होता, त्यामुळे मला फटीतून दिसलं. मावशी होती. केस सुटलेले, पाय अनवाणी आणि रक्ताळलेले, हातात झाकणाचं लोखंडी भांडं.

"मार्सली, निखारा दे गं. चूल गेली. बाळ काळंनिळं पडलंय."

आईने फट वाढवली नाही. मीच बिछान्यातून ओरडले, "आई, मावशी आलीय!"

"ती मावशी नाही," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "तू झोप."

मग तिने दाराआड टांगलेला विळा काढला आणि पातं फटीतून पुढे केलं. भल्या मंडळींना लोखंड सोसत नाही, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं.

"हे धर."

मावशीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला की तो मला आजही दिसतो. "तू माझी परीक्षा घेतेस? मी तुझ्या पाठची बहीण. एका ताटात जेवलोय आपण. माझं लेकरू तिकडे गारठतंय आणि मी विळे धरत बसू?"

"धर म्हणते ना."

"नाही धरत जा!"

आईने दार लावलं आणि आडणा घातला. मावशीच्या हातातलं भांडं लोखंडाचंच होतं. हे मला मोठी झाल्यावर सुचलं. आईला तेव्हाच सुचायला हवं होतं.

मावशीने गावातली बाकीची दारंही वाजवली. एकही उघडलं नाही. दुपारच्या आत बाळ गेलं, तिच्या अंगाशी, तिच्याच कपड्यांत गुंडाळलेलं. आणि त्याच संध्याकाळी माझा ताप उतरला.

आता गावापुढे दोनच वाटा होत्या. एक तर आपण सगळ्यांनी मिळून एक तान्हं पोर थंडीने मारलं असं म्हणायचं, नाहीतर दुसरं काहीतरी शोधायचं. दुसरं काहीतरी लाखलन म्हाताऱ्याने शोधून दिलं. टेकडीच्या गोष्टींत त्याचा शब्द शेवटचा. तो आमच्या चुलीशी बसून म्हणाला, "साधी गोष्ट आहे. उन्हाळ्याचा दरबार येताना त्यांच्या पोरांना दूध पाजायला ओली बाळंतीण लागते. खरी ऑयरिक त्यांनी उचलली. आणि हिवाळ्याने जाता जाता आपलं एक म्हातारं तिच्या रूपात मागे ठेवलं. बाळ तिच्या हातात कसं जगणार? मार्सली, तू दार उघडलं असतंस तर तुझी पोरगी आज या बिछान्यात नसती."

सगळे आईकडे बघत होते. तिने सांगायला हवं होतं, 'ती माझी बहीणच होती.' तिने एवढंच सांगितलं, "मी तिला विळा दाखवला. तिने धरला नाही."

शब्द न् शब्द खरा होता. त्या खरेपणाने मावशीला जन्माचं गाडलं. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, लाखलनला व्हिस्की ओतली, आणि त्यानंतर आई जी मूग गिळून बसली ती बसलीच. टॉरमड हंगाम संपवून परतला. गावाने त्याचे कान भरले. त्याने महिनाभर बायकोला लांबून न्याहाळलं, मग बोटीवर गेला तो परत आला नाही. बिचारा म्हणतात त्याला. मी नाही म्हणत.

मावशी कुठेही गेली नाही. मेंढ्या राखल्या, लोकर कातली, बाळाच्या थडग्यावरचं गवत कापलं. आणि गंमत बघा, जी माणसं तिला एक निखारा देईनात, तीच आता भीतीपोटी तिला नैवेद्य आणू लागली. दर सांध्याला तिच्या कुंपणाच्या दगडावर सायीचं दूध, लोणी, जवाच्या भाकरी. मी लपूनछपून तिच्याकडे जायचे. ती त्यातली भाकरी मोडून मला अर्धी द्यायची.

"खा. उन्हाळा येतोय वाटतं, लोणी आलंय. मेलेल्या पोराच्या आईला कोणी ताक विचारलं नसतं. दरबारी झाले आणि जेवणाची सोय लागली."

एकदा लाखलन स्वतः आला, टोपी हातात घेऊन. "बाईसाहेब, राग नसावा. आपली मंडळी यंदा कधी हलणार? पेरणी खोळंबलीय."

"म्हातारीला विचारून सांगते," मावशी लोकर पिंजत म्हणाली. "पण तिचं तोंड निळं असलं तरी तुझ्याइतकं काळं नाही हो, लाखलन."

तो वाकून नमस्कार करून गेला. मी हसले, मावशी हसली नाही.

मोठी झाल्यावर मी तिला विचारलं, "मावशी, तू का नाही धरलास तो विळा? एक क्षणाचं काम होतं."

"तुझ्या आईला विचार," ती म्हणाली. "धरला असता तर काय झालं असतं, ते तिला विचार."

मी विचारलं नाही. बहिणी बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मध्ये टेकडी होती आणि दोघी टेकडीची दोन टोकं धरून म्हाताऱ्या झाल्या.

मग गेल्या वर्षीची बेल्टेन. मी सकाळी आईकडे गेले तर घर गार. ती चुलीपुढे बसली होती, शाल घेऊन, मांडीवर झाकणाचं भांडं. मी काडेपेटी काढली.

"ठेव ती," आई म्हणाली. "मला ऑयरिककडचा निखारा हवाय."

"आज? अगं आज बेल्टेन आहे!"

"म्हणूनच."

मी राखेत हात घातला. राख ओलीचिंब होती. आजीच्या आजीपासूनची आग आईने स्वतः पाणी ओतून विझवली होती.

तिला धरून धरून टेकडीला वळसा घातला. गावाने दारांच्या फटींतून पाहिलं. मावशीचं दार वाजवलं, ते बोटभर उघडलं.

"ऑयरिक, निखारा दे गं. चूल गेली."

 मग फटीतून विळ्याचं पातं बाहेर आलं. आईने ते दोन्ही हातांनी धरलं, इतकं घट्ट की तळहात कापला.

दार पूर्ण उघडलं. मावशीने आईच्या हाताकडे पाहिलं. "बघ, किती सोपं होतं. आता खरं सांग, मार्सली. त्या सकाळी मी विळा धरला असता, तर तू दार उघडलं असतंस?"

माझ्या मनात आलं, आता तरी खोटं बोल आई, एकदा बोल. दोघी म्हाताऱ्या आहेत, कोणाचं काय जाणार आहे?

"नाही," आई म्हणाली. "मी तुला पहिल्याच हाकेला ओळखलं होतं. पण ही तापात होती. मला भीती वाटली."

मावशी नुसती मान हलवत राहिली, जुनीच गोष्ट पुन्हा ऐकल्यासारखी. मग तिने आईच्या हातातून भांडं घेतलं, आत गेली आणि ते निखाऱ्यांनी काठोकाठ भरून आणलं.

"माझ्या घरातून जाण्यासारखं आता काही उरलेलं नाही. घेऊन जा."

दार तिने हळू लावलं. आई त्या भांड्याची कडी दोन्ही हातांनी धरून घरी येईपर्यंत रडत होती, आणि मीही.

गाव कुंपणांवर उभं होतंच. मी सगळं सांगितलं, शब्द न् शब्द, आईच्या देखत. मला वाटलं, आता तरी त्यांना लाज वाटेल. लाखलनच्या मुलाने निखाऱ्यांकडे पाहिलं, छातीवर क्रूस काढला आणि दोन पावलं मागे सरकला.

"मग आम्ही काय सांगत होतो?" तो म्हणाला. "माणूस असती, तर बेल्टेनला आग दिली असती का?"