चष्म्यातली ऊसतोड

तो व्हिडिओ अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. पाहिला की माझीच मला किळस येते.

माझे वडील, आबा, इंदापूरच्या वृद्धाश्रमात राहायचे. आमचा ऊस अर्ध्या तासावर, लासुर्ण्यात. तोडीच्या दिवशी मजुरांनी कोयता लावायच्या आधी घरातल्या थोरल्यानं बांधावर नारळ फोडायचा, ही आमची रीत. आबांचं एकच मागणं होतं. "औंदा नारळ मीच फोडणार हाय. तेवढं न्हे मला."

"नेतो की," असं मी तीनदा म्हणालो आणि नेलं नाही. त्यांना लघवीची पिशवी लावलेली. ती माझ्या नव्या गाडीत सांडली तर? जन्मदात्याची घाण वाटत होती मला, दुसरं काही नाही!

त्याच सुमारास आश्रमात व्हीआरचे चष्मे आले. डोळ्यांवर चढवले की बसल्या जागी काशीला जाऊन येता येतं, असं व्यवस्थापक सांगत सुटले होते. मला वाटलं, चला, सुटलो! चौफेर टिपणारा कॅमेरा भाड्यानं घेतला, तोडीच्या दिवशी बांधावर उभा केला आणि नारळ मीच फोडला. दुसऱ्या दिवशी ते रान घेऊन आश्रमात हजर. काय तो माझा रुबाब!

चष्मा चढवायच्या आधी आबांनी चपला काढून ठेवल्या. मग सावकाश मान वळवत म्हणाले, "ऊस लोळलाय बग तिकडं." व्यवस्थापकांनी मला मोबाईल काढायला सांगितला आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मी शूटिंग करत होतो.

चष्म्यात नारळ फुटला असावा, कारण आबांनी उजवा तळहात पुढं केला. खोबऱ्यासाठी. हात तसाच राहिला. प्रसादाचा तुकडासुद्धा मी आणला नव्हता, सगळं खोबरं रानातच खाऊन मोकळा झालो होतो. त्या रिकाम्या हाताला लोक हसले. मीही हसलो. थू माझ्या जिंदगानीवर!

आबांनी हात मागं घेतला, चष्मा काढून मांडीवर ठेवला. रागावले नाहीत.

"कॅमेरा कुठनं आणला हुतास?"

"इथनंच आबा, ह्याच रस्त्यावरच्या दुकानातनं. तोडीच्या दिवशी सकाळी."

ते थोडा वेळ चपला पायात घालत बसले.

"म्हंजी हितं दारावरनंच गेलतास की रं."