भोक पाडण्याआधी खाली बघा

स्लॅबला भोक पाडणाऱ्या माणसाजवळ किस्से आपोआप जमतात. सिमेंटची धूळ आंघोळीनं निघते. पोटात आलेला गोळा मात्र तिथेच राहतो आणि चार मित्र भेटले की किस्सा होऊन बाहेर पडतो.

जबलपुरात घमापुरला आमचं लहानसं ड्रिलिंगचं काम आहे. मी डिप्लोमावाला, साइट पाहणारा. मशीन चालवतात वासनिक काका. घरचे मूळ भंडाऱ्याकडचे, जन्म इथलाच. तिसरा रमेश भैया. तो कायम खालच्या मजल्यावर उभा, कारण वर भोक पडलं की काँक्रीटचा गोल तुकडा खाली येतो आणि तो कोणाला ओळखत नाही!

* * *

माझा पहिला आठवडा. एका शाळेचा स्लॅब, माझ्या हातात मोठी ड्रिल मशीन. मला वाटलं, भिंतीत खिळा ठोकण्यासारखंच असेल! तीन इंच आत गेलो आणि मशीनच्या टोकाची बिट सळईत अडकली. बिट थांबली, मशीन नाही! अख्खी मशीन माझं मनगट घेऊन फिरली. काकांनी झटक्यात प्लग ओढला. मी खाली बसून एकेक बोट हलवून पाहत होतो.

काका म्हणाले, "सळई म्हणजे स्लॅबचं हाड आहे. न पाहता काहून घुसून राहिला? डॉक्टर तरी आधी एक्स-रे काढते!"

तेव्हापासून आधी आतलं लोखंड दाखवणारा स्कॅनर फिरतो, खडूनं सळयांच्या रेघा पडतात, मग मशीन.

* * *

जबलपुरातल्याच गोरखपूर भागात एका साहेबांना गच्चीतून पाइप खाली घ्यायचा होता. काका म्हणाले, "मेन स्विच बंद करा." आमची मशीन आमच्या जनरेटरवर चालते, त्यामुळे अडचण काहीच नव्हती. पण साहेब तापले. "इस स्लॅब में तार है ही नहीं! घर मैंने खुद बनाया है!"

"बनाया मिस्त्री ने, साहब. आपने चाय पिलाई," काका म्हणाले. शेवटी मेन बंद झाला.

चार इंचांवर बिटला गुंडाळून लाल वायर बाहेर आली. साहेब पुटपुटले, "ये किसका तार है?"

"अभी आपका," काका म्हणाले. "मेन चालू रहता तो मेरा!"

* * *

कमानिया गेटजवळ दुमजली दुकान. वरून भोक, खाली रमेश भैया. त्यानं जागा रिकामी केली, चहूबाजूंनी टेप लावली आणि फोनवर आम्हाला सांगितलं, "सब खाली है." मग पाण्याची बाटली आणायला जरा बाजूला गेला.

शेवटचा एक इंच उरला होता. काकांनी मशीन थांबवली. "एकदा पाहून येतो."

मी चिडलो. "काका, आत्ताच तर सांगितलं त्यानं!" तरी त्यांच्यामागे जिना उतरलो. खाली टेपच्या आत, बरोब्बर भोकाखाली, दुकानाचा चौकीदार खुर्ची टाकून झोपलेला!

काकांनी त्याला हलवलं. तो डोळे चोळत म्हणाला, "यहाँ कोई आता नहीं, भैया. टेप लगा है ना!"

त्या दिवसापासून रमेश भैया तहानलेला उभा राहतो, पण हलत नाही.

* * *

आमच्याच मोहल्ल्यात एक जुनं घर. काकांनी हातोडीनं छताला ठोकून पाहिलं. बद्द आवाज. आतल्या सळया गंजून फुगलेल्या. काकांनी मशीन उघडलीच नाही.

मालक हात जोडून म्हणाला, "सिर्फ एक छेद, काका!"

"एक भी नहीं. और ये पलंग यहाँ से हटाओ. अभी!" आम्ही तिघांनी मिळून पलंग भिंतीला लावला तेव्हाच काका निघाले.

मालकानं दुसऱ्याच कोणाकडून भोक पाडून घेतलं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. आधी पलंग होता तिथे छताचा हातभर पोपडा पडला होता.

"सब ठीक हैं?" काकांनी विचारलं.

"सब ठीक. पर काका... पलंग और कितना सरकाऊँ?"

* * *

गेल्या वर्षी काकांच्या मुलीला मुलगी झाली. पाळण्यासाठी छताला हुक लावायचा होता. अर्ध्या शहराच्या स्लॅबला भोकं पाडलेला माणूस, पण त्या दुपारी त्यांनी मला बोलावलं. "तू स्कॅनर धर. आज माझा माझ्यावरच भरोसा नाही."

चार वेळा स्कॅन केलं. भोक पाडलं, धूळ फुंकून काढली, हुक कसला. मी म्हटलं, "झालं, काका. पाळणा आणा."

काकांनी स्टुलावर चढून हुकात दोर ओवला, तो दोन्ही हातांनी धरला आणि पायानं स्टूल ढकलून दिलं. अधांतरी लटकले. डोळे छतावर.

मुलगी बाळाला घेऊन दारात आली. काकू ओरडल्या, "अहो, काय करून राहिले! उतरा खाली! पोरीले झोप आली!"

काका वर पाहतच म्हणाले, "अजून पाच मिनिटं."