गळ्यापासून खाली

मुलांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजी आता शर्टांच्या जाहिराती का करत नाही. मी म्हणाले, डोळे दुखतात. ते खोटं होतं. तुम्ही तिकडे माझ्या इंग्रजीचं कौतुक सांगत फिरता, म्हणून खरं काय ते आज लिहिते.

काल्हेरच्या कपड्यांच्या गोदामातलं ऑफिस. माझ्या टेबलाशी शेठ उभा. त्याच्या मागे सुदाम, पॅकिंगला असणारा, कोरा पांढरा शर्ट घालून. स्क्रीनवर त्याचाच फोटो. शेठने फोटोतल्या गळ्यावर बोट ठेवलं आणि आडवं ओढलं.

"इथून वरचं काढून टाका, मॅडम. माल विकायचाय, वस्ती नाही दाखवायची."

सुदाम ऐकत होता.

तो माझा विद्यार्थी. सातवीत माझ्याकडे इंग्रजी शिकला. पुढे कापडाच्या लूमवर कामाला गेला, तिथे डावा अंगठा वाकडा झाला. आता चाळिशी ओलांडलेला. निवृत्तीनंतर मी कॉम्प्युटरवर डिझाइन शिकले आणि या गोदामात आले, तेव्हा दारात तोच भेटला होता.

जाहिरात जयंतीची होती. पांढरे शर्ट, मागे निळा रंग. एप्रिलमध्ये आपली माणसं पांढरा शर्ट घेतात, हे शेठला पक्कं ठाऊक. मी त्याला समजावलं, मोबाइलवर लोकांचा अंगठा सरकत राहतो, चेहरा दिसला की थांबतो. घेणारे आमचेच आहेत, तर चेहरा आमचा का नको, हेही विचारलं.

"त्यांनासुद्धा स्वतःसारखा नको असतो. साहेबासारखा पाहिजे." मग हसला. "तुम्ही तर त्यांच्यातल्या वाटतच नाही, मॅडम. काय इंग्लिश आहे तुमचं."

हे कौतुक होतं. आणि मी ते घेतलं. हसलेसुद्धा. मग माउस हातात धरला आणि सुदामचं डोकं कापलं. शेठने नाही. मी.

सुदामने शर्ट उतरवला, टाचण्या लावल्या, आत पुठ्ठा घातला, घडी करून पुन्हा पाकिटात भरला. शर्ट विकायचा होता.

आठवड्याने विहारात आम्ही बायका जयंतीची तयारी करत होतो. सुदामची बायको रंजना जवळ आली, मोबाइल पुढे धरला. कॉलर, बटणं, बाहीवर टेकलेला हात.

"अंगठा ह्यांचाच हाय ना, मॅडम? मंग तोंड कुठं हाय?"

"तोंड न्हाय म्हणून तर बरा दिसतोय," शेजारची म्हणाली. सगळ्या हसल्या. रंजनाही हसली. हसत हसतच तिने विचारलं, कुणी कापलं.

मी म्हणाले, "मी."

हसणं थांबलं. रंजनाने मोबाइल पदराला पुसला आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी शेठने कुर्त्यांचे फोटो पाठवले. पुन्हा सुदाम. पुन्हा तेच, गळ्यापासून खाली. मी उठून शेठच्या केबिनमध्ये गेले. चेहऱ्यासकट करेन, नाहीतर करणार नाही, असं सांगितलं. या वयात दुसरं काम कोण देणार, असं तो म्हणाला. खरं होतं ते.

"आणि एक," मी म्हणाले. "मी त्यांच्यातलीच आहे. इंग्लिशसकट."

बाहेर सुदाम खोक्याला टेप मारत होता. मी माफी मागितली. त्याचा हात थांबला नाही.

"तुम्ही कापायला नको होतं, मॅडम."

एवढंच बोलला. तो अजून तिथेच आहे, त्याला घर चालवायचंय. मी मात्र ते काम सोडलं. माझ्या हाताने यापुढे कुणाचं डोकं कापलं जाणार नाही, पोटासाठी नाही आणि कौतुकासाठी तर नाहीच.

मूळ फोटो माझ्या फोनमध्ये आहे. वाकडा अंगठा, पांढरी कॉलर, आणि वर सुदामचा चेहरा.