दगडाआधीची हाक

त्या दिवसाचं सगळं आठवतं असा माझा दावा नाही. पण तवंदी घाटाच्या तोंडाशी एका माणसानं मारलेली हाक मी विसरू शकलेले नाही. खरं तर ती मी स्वतः ऐकलीही नव्हती.

मी तेव्हा निपाणी भागातल्या एका ठाण्यात पीएसआय होते. अशा आठवणी निवृत्त अधिकाऱ्यांनी लिहायच्या असतात. मी निवृत्त नाही. काही वर्षं नोकरी करून राजीनामा दिला. कारणं घरची होती. आता बेळगावात सरकारी नोकरीच्या परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना शिकवते. वर्गात कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुमची सगळ्यात मोठी केस कुठली?" त्यांना खून किंवा दरोडा अपेक्षित असतो. मी बसच्या काचेची ही केस सांगते.

सरकारी बस कर्मचाऱ्यांचा संप चालू होता. आम्हीही सरकारचंच काम करतो, मग इतर सरकारी नोकरांएवढा पगार आम्हालाही द्या, अशी त्यांची मागणी होती. तिजोरीत तेवढा पैसा नाही, असं सरकारचं उत्तर होतं. डेपोच्या फाटकासमोर संपवाल्यांचा मांडव पडला होता. वडापच्या खासगी जीपवाले दुप्पट भाडं घेत होते आणि लोक देत होते. आमच्या सुट्ट्या रद्द झाल्या होत्या.

ठाण्यातल्या एका जुन्या हवालदारांना मी आप्पा म्हणत असे. सकाळी बंदोबस्ताला निघताना ते म्हणाले, "मॅडम, संप त्यांचा आणि उपाशी आमी. आमाला तर संप करायची परवानगीबी न्हाय."

"केला असता का आप्पा?"

"मी केला असता. बायकोनं करू दिला नसता."

संप मोडायला डेपोनं शिकाऊ चालकांना हाताशी धरलं. कामावर आला नाहीत तर कायम होणार नाही, अशी नोटीस त्यांच्या घरी गेली. त्यातला एक जण विजयपूरकडचा होता. नुकताच आमच्या भागात आला होता, मराठी त्याला जवळजवळ येत नव्हतं. त्या दिवशी दुपारी तो बेळगावला जाणारी भरलेली बस घेऊन निघाला. घाटाचा उतार सुरू होण्याआधी बस थांबली आणि डावीकडून आलेल्या दगडानं समोरची काच फुटली. काचेचे कण चालकाच्या डोळ्यात गेले. प्रवाशांना काही झालं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा प्रवासी उतरून रस्त्याच्या कडेला उभे होते. चालकाला आधीच एका गाडीतून बेळगावच्या दवाखान्यात नेलं होतं. आप्पांनी पंचनाम्याला सुरुवात केली आणि मी खाली उताराकडे बघत राहिले. तीच काच थोडी पुढे, उतारावर फुटली असती तर बस कुठे जाऊन पडली असती, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

आमच्या भागात बसवर दगड पडला की तो भाषेचाच असतो असं लोक धरून चालतात. चालक कन्नड आहे हे कळायला वेळ लागला नाही. संध्याकाळच्या आत दोन्ही बाजूंची माणसं ठाण्याबाहेर जमली. तेवढ्यात ठाण्याचा फोन वाजला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "तो पेंटर तितं हुता. बसच्या मागंच हुता. इच्यारा त्येला."

हा पेंटर दुकानांचे बोर्ड रंगवायचा. भाषेच्या आंदोलनातली एक जुनी केस त्याच्यावर होती. फोन करणारा खोटं बोलत नव्हता. महामार्गावरच्या एका हॉटेलच्या कॅमेऱ्यात बसच्या मागे त्याची मोटारसायकल स्पष्ट दिसत होती. वरून आदेश आला: ताब्यात घ्या, खुनाचा प्रयत्न लावा, उद्या कोर्टात उभं करून कोठडी मागा. रात्रीत गाव तापलं तर जबाबदारी तुमची.

पेंटर समोर बसला तो हसतच. हाताला अजून रंग होता.

"मॅडम, हितं वारा सुटला तरी ह्येनंच सोडला म्हणत्यात. लिवा माझं नाव. तुमालाबी घरी जायाचं असंल."

"तिथे कशाला गेला होता?"

"संकेश्वरला एक बोर्ड पोचवायचा हुता. बस म्होरं, मी मागं. बस थांबली म्हणून मी थांबलो. मग काच फुटली."

"आधी काच फुटली आणि मग बस थांबली ना?"

"न्हाय, न्हाय. आधी थांबली. कंडक्टर वरडला, बस थांबली, मग खळ्ळकन आवाज."

बाहेर बाकावर त्याची बायको डबा घेऊन बसली होती. मी बाहेर आले तशी उठून उभी राहिली. "मॅडम, ह्येन्ला बोलायची खोड हाय. मारायची न्हाय. खुनाची केस पडली तर आमच्या दुकानात कोण येणार?"

आश्वासन देणं माझ्या हातात नव्हतं, आणि जे हातात नाही ते मी बोलत नाही.

मी मुळात कमी बोलणारी. चौकशीत त्याचा तोटा होतो तसा फायदाही होतो. समोरच्याला शांतता सहन होत नाही, तो ती भरायला बघतो. त्या संध्याकाळी प्रवाशांचे जबाब मी पुन्हा वाचले. सगळ्यांनी एकच क्रम सांगितला होता: कंडक्टर ओरडला, बस थांबली, काच फुटली. कंडक्टरनं बस थांबवली यात कुणाला काही विशेष वाटलं नव्हतं. ते त्याचं कामच. कंडक्टरचा जबाब मात्र वेगळा होता. तो मागच्या बाकांवर तिकिटं देत होता आणि ओरडलाच नव्हता. वरच्या साहेबांचं मत पडलं की कंडक्टर आतून संपवाल्यांना फितूर आहे.

मला एक गोष्ट खटकत होती. ऐन वेगात, रिकाम्या रस्त्यावर, स्टॉप नसताना चालकानं ब्रेक का लावला? बाहेरून कुणी मराठीत ओरडलं असतं तर त्याला कळलं नसतं. कन्नडमध्ये ओरडलं असतं, तर संपाच्या दिवसांत रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी तो थांबला नसता.

त्याच रात्री मी आप्पांना घेऊन बेळगावला दवाखान्यात गेले. चालकाच्या एका डोळ्यावर पट्टी होती. आम्ही कन्नडमधून बोललो.

"ब्रेक का लावलास?"

"कंडक्टरनं सांगितलं म्हणून."

"काय सांगितलं?"

"नेहमीचंच. होल्डान."

मी आप्पांकडे बघितलं. आमच्याकडच्या बसमध्ये गाडी सोडायची तर कंडक्टर 'राइट' म्हणतो आणि थांबवायची तर 'होल्डान'. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि रोज बेळगावच्या अनगोळ भागातून बसनं जात असे. मला तो शब्द कन्नड वाटायचा. माझ्या कन्नड मैत्रिणीला तो मराठी वाटायचा. इंग्रजीतल्या 'होल्ड ऑन'चं ते झिजून झालेलं रूप आहे हे आम्हा दोघींना फार उशिरा कळलं, आणि तेही इंग्रजीच्या तासाला नाही.

"आवाज मागून आला?" मी विचारलं.

तो बोलायला गेला आणि थांबला. बराच वेळ त्यानं डोळा मिटून घेतला.

"नाही," तो म्हणाला. "डावीकडून. दारातून. बाहेरून आला." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "पण ती हाक आमच्याच माणसाची होती."

प्रवासी असं हाक मारत नाही. तो 'ओ थांबवा' म्हणतो, नाहीतर पत्रा वाजवतो. तो शेवटचा स्वर ओढून, पोटातून काढलेला आवाज कंडक्टर म्हणून वर्षानुवर्षं गर्दीत उभं राहिल्याशिवाय येत नाही. चालकानं विचार केलाच नव्हता. त्याच्या पायानं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेपोसमोरच्या मांडवात गेले. दुपारी पेंटरला कोर्टात न्यायचं होतं. मांडवात वीसेक माणसं बसली होती. एकानं लगेच टोमणा मारला, "या मॅडम, बसा. तुमाला तरी येळेवर पगार मिळतोय न्हवं?"

"मिळतोय," मी म्हटलं. "म्हणूनच कामावर आलेय."

थोडं हसणं झालं. मग मी सांगितलं की दुपारी एका माणसावर खुनाच्या प्रयत्नाचा आरोप लागणार आहे, आणि चालकानं जबाब दिलाय की दगडाच्या आधी त्यानं बाहेरून 'होल्डान' ऐकलं. एवढंच बोलून मी गप्प राहिले.

काही जण माझ्याकडे बघत होते. माणसं एकमेकांकडे बघतात, खाली बघतात, बाहेर बघतात, ते सगळं चालू होतं. पण खांबाला टेकून बसलेल्या एका वयस्क कंडक्टरकडे कुणीच बघत नव्हतं. त्याच्या शेजारचासुद्धा मान वळवताना त्याला टाळून पलीकडे बघत होता. ज्याच्याकडे सगळे बघतात त्याच्यावर संशय असतो. पण ज्याच्याकडे बघायचं सगळे टाळतात त्याच्याबद्दल त्यांना खात्री असते. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "अण्णा, ठाण्यात येता का?"

तो उठला आणि चप्पल घातली. कुणीतरी म्हणालं, "अण्णा, काय बोलू नगा." तो म्हणाला, "आता बोलूनच बसलोय की."

ठाण्यात त्यानं फार वेळ घेतला नाही. तो शिकाऊ चालक पहिल्यांदा या मार्गावर आला तेव्हा त्याच्यासोबत कंडक्टर हाच होता. कुठल्या वळणाला काय, घाटात कुठला गिअर, सगळं यानंच सांगितलं होतं.

"मग त्याच्यावरच दगड?"

"त्येच्यावर न्हाय मॅडम. काचंवर. एक बस सुटली की दुसरी सुटती, दुसरी सुटली की मांडवातलं एकेक उठून जातंय. एवढे दिवस बिनपगारी बसलो ते काय गंमत म्हणून? पोरीची फी थकली. हातात काय तरी लागल्याबिगर कसं उठायचं?"

"आणि हाक?"

तो माझ्याकडे बघतच राहिला, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यासारखा.

"चालत्या गाडीवर दगड मारत्यात व्हय? आत माणसं असत्यात."

आप्पा म्हणाले, "अण्णा, थांबलेल्या गाडीतबी डायवर असतोय."

अण्णांनी डोळे पुसले नाहीत की माफी मागितली नाही. फक्त विचारलं, "डोळा ऱ्हाईल का त्येचा?"

मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं.

मग वरच्यांशी फोन झाला. आरोपी मिळाला याचा त्यांना आनंद झाला. खुनाच्या प्रयत्नाचं कलम मात्र तसंच ठेवा म्हणाले. संपवाल्यांना वचक बसायला हवा.

"सर, त्यानं आधी बस थांबवली आहे. ठार मारायचं असतं तर घाट पुढेच होता."

"तो शब्द जबाबात घालायची गरज काय? गाडी थांबली होती एवढं पुरे."

"गाडी त्या शब्दामुळे थांबली, सर. सगळ्या साक्षीदारांनी तो ऐकलाय. काढला तर जबाब खोटे होतील."

"तुम्ही संपाच्या बाजूनं आहात का?"

"नाही, सर. दगडही मी लिहिलाय."

पलीकडून फोन ठेवला गेला. मी लिहायला बसले. चालकाचा, पेंटरचा, प्रवाशांचा, प्रत्येकाचा पुरवणी जबाब नोंदवला. प्रत्येकात तो शब्द, ज्यानं जसा उच्चारला तसा. दोषारोपपत्रात सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान आणि गंभीर दुखापत ही कलमं लागली. खुनाचा प्रयत्न लागला नाही. नंतर माझी बदली झाली. त्याचा या केसशी संबंध होता की नाही हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पेंटरला त्याच दुपारी सोडलं. सही करताना तो भिंतीकडे बघत होता. "मॅडम, ठाण्याचा बोर्ड लई फिका पडलाय. दोन्ही भाषांत रंगवून देतो. पैशे सरकारनं येळेवर द्यायचं बघा तेवढं." बायकोनं त्याला दंडाला धरून बाहेर ओढत नेलं.

संप मिटला. मागितलं होतं त्यातलं थोडं मिळालं. निलंबित झालेले बहुतेक जण हळूहळू परत कामावर आले. अण्णा आले नाहीत. चालकाचा डोळा राहिला, पण त्यातली नजर अधू झाली. बस चालवायला तो अपात्र ठरला आणि डेपोच्या कार्यालयात बसायला लागला. अण्णांनी बस थांबवली म्हणून ती नजर परत आली नाही, हे मी कधी विसरत नाही.

साक्षीला मी कोर्टात गेले तेव्हा चालकाची साक्ष चालू होती. सरकारी वकिलांनी विचारलं, नेमकं काय ऐकलंत? त्यानं हळू आवाजात सांगितलं. ऐकू येत नाही, मोठ्यानं सांगा, असं न्यायाधीश म्हणाले. मग त्यानं तो शब्द अगदी तसाच, शेवटचा स्वर ओढून म्हटला. आरोपीच्या जागी उभ्या असलेल्या अण्णांचा हात आपोआप वर गेला, जिथे बसमध्ये धरायचा दांडा असतो तिथे. तिथे काही नव्हतं. त्यांनी तो खाली घेतला.

माझ्या साक्षीत कन्नड आणि मराठी दोन्ही जबाबांतून तोच शब्द आला तेव्हा टंकलेखक अडला. "मॅडम, हा शब्द कुठल्या भाषेतला लिहू? कन्नड की मराठी?"

आमच्या भागात या प्रश्नावर दगड पडलेले आहेत. मी वर्गातल्या मुलांना आता सांगते की साक्षीदार काय म्हणाला ते लिहा, त्याचं तुम्हाला सोयीचं भाषांतर लिहू नका. त्या दिवशी मला तेवढं नीट सांगता आलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "बसमधला शब्द आहे. आहे तसाच राहू द्या."

त्यानं न्यायाधीशांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, आणि त्यानं तो शब्द आहे तसा लिहिला.