मावशीच्या जागेवर दाजी

“माझ्या जागेवर दाजी कसे काय बसले?”

मावशी एवढ्या जोरात ओरडली की नांदेडच्या त्या तिकिटांच्या ऑफिसातला पंखा फिरायचा थांबला. पंखा आधीपासूनच बंद होता, असं अक्का म्हणते; पण अक्का तेव्हा लातुरात घरी होती.

झालं होतं असं. सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या मावशीला पौर्णिमेला श्रीलंकेत, अनुराधापूरच्या बोधिवृक्षाखाली बसायचं होतं. ती, मी आणि माझी बहीण अक्का, असे तिघं जाणार होतो. ऐन वेळी मावशीचा पासपोर्ट पोलीस तपासणीत अडकला आणि तिकिटं तर संपत चाललेली. तेव्हा आमचे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, म्हणाले की माझ्या नावानं जागा धरून ठेवा, नंतर मावशी बसतील. माहूरला जाणाऱ्या जीपमध्ये दाजींनी आजवर अशी शेकडो माणसं बदललेली. नाव एकाचं, जातो दुसरा, देवी काही विचारत नाही.

पासपोर्ट आला. मी लातूरहून निघालो, चाकूरला भजी खाल्ली. ती इतकी तिखट की अहमदपूरपर्यंत माझ्या कानातून वाफ निघत होती. नांदेडला मावशीला घेतलं आणि नाव बदलायला गेलो. काउंटरवरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, विमानाच्या तिकिटावर माणूस बदलता येत नाही, आणि त्या विमानात आता एकही जागा नाही. त्यावरचं ते ओरडणं.

मग मावशी खुर्चीत बसली. आवाज एकदम उतरला.

“चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या उशाला बसले रे. एक पौर्णिमा माझी म्हणून धरली होती.”

बाईंनी शोध शोध शोधलं. आदल्या दिवशी, चेन्नईला विमान बदलून, एक जागा होती. फक्त एक. मी नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत मावशीचा पासपोर्ट टेबलावर होता.

दाजींना फोनवर कळलं तसा त्यांना लई घोर (काळजी) लागला. पायलटला सांगून ठेवा म्हणाले, आमची बाई कोलंबोला ध्यान ठेवून उतरवून द्या. देगलूरच्या एसटीत कंडक्टरला सांगतात तसं. काउंटरवरच्या बाईंनी चेहरा जराही न हलवता तेही लिहून घेतलं.

मुक्कामाचा इंतजाम दाजींनी अंगावर घेतला. बोधिवृक्षापासून चालत जाता येईल असं एक घर हेरून त्यांनी थेट श्रीलंकेत फोन लावला आणि भाकरी थापायला चूल मिळेल का, हे आपल्याकडच्या हिंदीत पाऊण तास विचारलं. पलीकडचा माणूस दर प्रश्नाला ‘यस’ म्हणत होता. “भला माणूस हाय,” दाजी म्हणाले, “कशालाच न्हाई म्हणला न्हाई.”

हैदराबादच्या विमानतळावर मावशीला सोडताना मी सत्तावीस सूचना दिल्या. सत्ताविसावी अशी, की पहिल्या सव्वीस विसरू नकोस. ती मान हलवून आत गेली आणि त्यानंतर तिचा फोन लागेना.

दुसऱ्या दिवशी अक्का, मी आणि तिकिटावर नाव असल्यानं दाजी, असे आम्ही तिघं उडालो. दाजींनी खुर्चीचे दांडे असे आवळले होते की विमान त्यांनीच उचलून धरलं होतं. आजही ते तसंच सांगतात. कोलंबोला आम्ही दोनदा चुकीच्या दारातून बाहेर पडलो. दाजींची ज्वारीच्या पिठाची पिशवी तिथल्या साहेबानं हुंगून हुंगून पाहिली. पुढे अनुराधापूरपर्यंत हिरवीगार भातशेती, रस्त्याकडेला शहाळ्यांचे ढीग, आणि आमच्यातलं कुणी बाहेर बघत नव्हतं. अक्का सारखी तोच नंबर लावत होती.

रिक्षा घरासमोर थांबली. ओसरीवर पांढऱ्या साडीत मावशी बसली होती. घरमालकिणीच्या हातच्या इंदिआप्पा (तांदळाच्या शेवया) खोबऱ्याच्या चटणीशी निवांत खात होती. पौर्णिमा उद्यावर होती.

अक्का रडायलाच लागली. मी धापा टाकत विचारलं, “मावशी, एकटी कशी काय आलीस गं?”

“बोर्ड लावलेले होते,” ती म्हणाली. “वाचत आले.”