आभार मानणारा माणूस

गंगापूर रोडच्या वाचनालयात रोज दुपारी लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. ते एक कंटेनर इमेज, म्हणजे कुठल्याही सर्व्हरवर लगेच चालवता येईल असा सॉफ्टवेअरचा तयार डबा, फुकट सांभाळत. बड्या कंपन्या तो वापरत आणि काही बिघडलं की यांना झापत. माझं पेन्शनचं ॲपही त्यावरच चालतं, असं त्यांच्याकडूनच कळलं. प्रत्येक तक्रार उघडण्याआधी ते चष्मा पुसत, जणू त्याने मजकूर सौम्य होणार होता.

डोळे अधू होत चालल्याने त्यांना हे काम कुणाकडे तरी सोपवायचं होतं. परवा म्हणाले, "काका, एक जण तयार झाला होता."

"मग सुटलात की."

"मीच त्याला नाही म्हणून कळवलं. त्याने मेलच्या पहिल्याच ओळीत माझे आभार मानले होते. दहा वर्षांत कुणी मानले नाहीत. डब्याच्या किल्ल्या मिळवून त्यात घातक काहीबाही घुसवणारे असंच गोड लिहितात."

"खरंच भला असला तर?"

"असेलही. मला आता ओळखता येत नाही."

निघताना त्यांचे आभार मानावेसे वाटले. मानले नाहीत. मानले असते, तर दुसऱ्या दिवसापासून ते वेगळ्या टेबलावर बसले असते.